पहिली पेटी तपकिरी असावी का?

पहिल्या नोकरीसाठी पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून बंगळुरूत आलेल्या मुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो. पगार सुरू होऊन दोन-तीन महिने झाले, पीजीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे बाजूला निघाले, की एखाद्या शनिवारी कमर्शियल स्ट्रीटला किंवा ब्रिगेड रोडला चक्कर होते. काउंटरपाशी उभं राहून मैत्रिणीला नाहीतर मोठ्या बहिणीला फोन जातो : आयशॅडोचं ते न्यूट्रल पॅलेट घेऊ का? उत्तरही ठरलेलं असतं. घेऊन टाक, ब्राउन कुठे वाया जातोय!

हा सल्ला चुकीचा नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. शिकणाऱ्या हाताने तपकिरी रंगांपासून सुरुवात करावी, ही एक. आणि त्यासाठी दहा-बारा शेड्सची 'क्लासिक' पेटी विकत घ्यावी, ही दुसरी. पहिली मला पूर्ण पटते. दुसरी मात्र तपासून घ्यायला हवी, कारण अशा पेटीवर हजार-दोन हजार रुपये सहज जातात, आणि नुकत्याच कमावू लागलेल्या मुलीसाठी ती रक्कम लहान नाही.

या पेटीचा साचा पडला 2010 साली. अर्बन डिके या अमेरिकी कंपनीने 'नेकेड' नावाचं बारा शेड्सचं पॅलेट काढलं : एका टोकाला मलईचा रंग, दुसऱ्या टोकाला जवळजवळ काळा, मधे सोनेरी, तांबूस आणि तपकिरी. ते इतकं चाललं की 2011 मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि 2013 मध्ये गुलाबी छटांचा तिसरा. बंगळुरूकरांना या कंपनीची जन्मकथा ओळखीची वाटेल. तिच्या संस्थापकांपैकी एक सँडी लर्नर. याच बाईंनी 1984 मध्ये लिओनार्ड बोसॅक यांच्यासोबत सिस्को उभी केली, जिच्या इथल्या कॅम्पसमध्ये आपल्या कितीतरी मुली रोज जातात. 1990 मध्ये त्या सिस्कोतून बाहेर पडल्या आणि 1996 मध्ये अर्बन डिके बाजारात आली ती जांभळे, हिरवे, निळे असे भडक रंग घेऊन, दुकानांतल्या त्याच त्या गुलाबी आणि लाल रंगांना कंटाळून. 'नेकेड' आलं तोवर कंपनीची मालकी बदललेली होती. भडक रंगांच्या हौसेतून निघालेल्या कंपनीचं नाव जगभर झालं ते मात्र तपकिरी पेटीमुळे.

ही आवड त्याआधीच रुजत होती. न्यूयॉर्कमध्ये बॉबी ब्राउन यांनी 1991 मध्ये तपकिरीकडे झुकणाऱ्या फक्त दहा लिपस्टिक बाजारात आणल्या होत्या. मेकअप दिसू नये, चेहरा दिसावा, हा त्यामागचा विचार. त्याच्या दहा वर्षं आधीचे आपल्याकडचे लग्नाचे अल्बम उघडून बघा. शालूच्या रंगाची निळी किंवा हिरवी आयशॅडो भुवईपर्यंत फासलेली दिसेल. त्या काळात आयशॅडो म्हणजे लग्नाची गोष्ट होती. ती रोजच्या वापरात आली ती तपकिरी झाल्यावरच. अर्बन डिकेने मूळ 'नेकेड' 2018 मध्ये बंद केलं, पण तोवर तो साचा सगळ्यांनी उचलला होता. आज मेबलिन, मेकअप रिव्होल्यूशन, स्विस ब्यूटी, कुणाचंही शेल्फ बघा, तपकिरी पेटी आहेच.

तपकिरीपासून सुरुवात का करावी, याचं कारण 'तो सगळ्यावर जातो' एवढंच नाही. आयशॅडो लावणं म्हणजे पापणीवर उजेड आणि सावली मांडणं. डोळा उघडल्यावर पापणीची घडी पडते तिथे थोडी सावली, पापण्यांच्या मुळाशी त्याहून गडद रेघ, आणि पापणीच्या मध्यावर उजेड. सगळं तंत्र या तीन जागांत आहे. तपकिरी रंगांत फिकट आणि गडद हा एकच फरक असतो, त्यामुळे हात त्या एकाच गोष्टीवर बसतो. निळा आणि जांभळा घेऊन बसलं की कुठला रंग कुठल्या रंगाला मारतो, हा दुसरा प्रश्न त्यात मिसळतो आणि नवशिकीला कळतच नाही की आपलं चुकलं ते रंगात की हातात. शिवाय तपकिरी चूक पोटात घालतो. एका डोळ्यावर घडीच्या थोडं वर गेला, दुसऱ्यावर थोडा खाली राहिला, तरी समोरच्याला ती पापणीची नैसर्गिक सावलीच वाटते. निळ्याची हीच चूक मीटिंगच्या टेबलापलीकडून दिसते. रंगभूमीवर डोळे शेवटच्या रांगेतून दिसावे लागतात. ऑफिसात समोरचं माणूस तीन फुटांवर बसलेलं असतं. तीन फुटांसाठी तपकिरीच बरा.

दुसरं कारण पदार्थाचं आहे, आणि ते काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. पेटीच्या मागे बारीक अक्षरांत सीआय 77491, 77492, 77499 असे आकडे असतात. ही आयर्न ऑक्साइडं, म्हणजे लोहाची संयुगं : लाल, पिवळं आणि काळं. गेरूचा लाल आणि पिवडीचा पिवळा येतो तो याच जातीच्या द्रव्यांतून. सौंदर्यप्रसाधनात ती खाणीतून काढून वापरत नाहीत, कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार करतात. पण गोत्र तेच. तुळशीवृंदावनाला दिला जाणारा आणि वारली चित्राच्या भिंतीला सारवला जाणारा गेरू आठवा, म्हणजे हा रंग किती स्वस्त आणि किती टिकाऊ आहे ते लक्षात येईल. या तिघांचं प्रमाण बदललं आणि पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घातलं, की पेटीतले बहुतेक सगळे मॅट तपकिरी तयार होतात.

याचा खरेदीशी थेट संबंध आहे. तीनशेच्या पेटीत आणि साडेतीन हजारांच्या पेटीत मॅट तपकिरीचं मूळ रंगद्रव्य बहुधा एकच असतं. फरक पडतो तो भुकटी किती बारीक दळली, तिच्या कणांवर कसला लेप दिला, तेलकट बंधक किती आणि कुठला वापरला, किती दाबाने ती खणात बसवली यात. आणि अर्थातच डबी, आरसा, जाहिरात यांत. चांगल्या दळणाची शेड ब्रशने पसरवली की तिच्या कडा आपोआप विरतात. निकृष्ट शेड जिथे पहिल्यांदा टेकते तिथेच डाग धरते. हा फरक खरा आहे, पण किमतीच्या दसपट अंतराएवढा नाही. जांभळ्या-किरमिजी रंगांचं तसं नसतं. तिथे रंगद्रव्यच अवघड आणि महाग. त्यातलं कार्माइन, म्हणजे सीआय 75470, कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. ज्या घरात हे चालत नाही त्यांनी तो आकडा जरूर बघावा. स्वस्तात घ्यायचंच असेल तर तपकिरी घेण्यात धोका सगळ्यात कमी, असं मी म्हणते ते यामुळे.

इथवर सगळं पेटीच्या बाजूचं झालं. आता तिच्याविरुद्ध जे आहे ते.

पहिली आणि मोठी अडचण त्वचेची. या पेट्यांचा मूळ आराखडा गोऱ्या युरोपीय-अमेरिकी पापण्या समोर ठेवून झाला. त्यात पहिल्या तीन-चार शेड्स मलई, शंखजिरं, फिकट बदामी अशा असतात. गोऱ्या पापणीवर त्या विरघळून जातात आणि बाकीच्या शेड्सना पाया देतात, तेच त्यांचं काम. गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर त्याच शेड्स राखेसारख्या उठून दिसतात, त्यातल्या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे. त्यापुढच्या दोन शेड्स, ज्या घडीत सावली म्हणून लावायच्या, त्या सावळ्या पापणीच्या रंगाशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की लावल्या काय आणि न लावल्या काय. मुलगी तीनदा ब्रश फिरवते, काही दिसत नाही, मग थेट शेवटच्या काळपट तपकिरीवर उडी मारते आणि डोळ्याला मार लागल्यासारखं दिसू लागतं. दोष ती स्वतःच्या हाताला देते. खरं तर तिच्या पापणीला हवी असते लालसर विटकरी किंवा खजुरी छटा, आणि त्या पेटीत ती एखादीच असते. आपल्याकडे बऱ्याच जणींची पापणी गालापेक्षा एखादी छटा गडद असते, हेही विसरू नये. मनगटाच्या आतल्या गोऱ्या भागावर शेड लावून बघितली तर ती फसवणारच. हाताच्या पाठीवर, बोटांच्या सांध्याजवळ लावून बघा; तिथली त्वचा पापणीच्या रंगाला जास्त जवळची.

दुसरी अडचण चकाकीची. मूळ 'नेकेड'मधल्या बारा शेड्सपैकी खऱ्या अर्थाने मॅट दोनच होत्या : 'नेकेड' आणि 'बक'. बाकी कमी-अधिक चमकणाऱ्या. पुढे आलेल्या पेट्यांत मॅटचं प्रमाण वाढलं, तरी आजही स्वस्त पेट्यांत चकाकी जास्त असते, कारण काचेखाली तीच नजर खेचते. सावली मात्र चमकत नसते. घडीत शिमर भरला की खोलगट दिसायला हवी ती जागा फुगीर दिसते, आणि पापणी थोडी सुरकुतलेली असेल तर प्रत्येक रेघ मोजता येते. शिकायला लागणाऱ्या तीन जागांपैकी दोन जागा मॅटच्या आहेत. ज्या पेटीत निम्म्याहून कमी शेड्स मॅट आहेत ती शिकणारीच्या कामाची नाही, मग तिचं नाव कितीही मोठं असो.

तिसरी गोष्ट साध्या हिशेबाची. समजा, बारा शेड्सची पेटी अठराशे रुपयांना मिळाली. शेडमागे दीडशे रुपये, स्वस्तच म्हणायचं. पण अशा पेट्या वर्षभराने उघडून बघितल्या, तर खणाचा तळ दिसू लागलेला असतो तो दोन किंवा तीन शेड्सचा, बाकीच्यांवर कंपनीचा छाप तसाच शाबूत असतो. तीनच वापरल्या तर शेडमागे सहाशे पडले. भुकटीची आयशॅडो उघडल्यावर साधारण दोन वर्षं वापरावी. डबीवर उघड्या बरणीचं चिन्ह आणि त्यात 12M किंवा 24M असं लिहिलेलं असतं, ते महिने. मोठी पेटी त्या मुदतीत संपत नाही. आणि डोळ्यांची गोष्ट असल्यामुळे मुदत संपलेली पेटी 'अजून भरपूर आहे' म्हणून वापरत राहणं बरं नाही.

मोठ्या पेटीची बाजू घेणाऱ्या मैत्रिणींचं म्हणणंही मी गंभीरपणे घेते, कारण त्यात तथ्य आहे. त्या म्हणतात, शिकायचं तर चुकायला जागा हवी. चारच शेड्स हाताशी असल्या तर आपल्याला काय शोभतं ते कळणार कसं? सोनेरी की तांबूस, थंड तपकिरी की उबदार, हे लावून बघितल्याशिवाय समजत नाही, आणि बारा सुट्या शेड्स घेणं परवडत नाही. हे खरं आहे. ब्यूटी पार्लरचा कोर्स करणाऱ्या किंवा पुढे नवरीचा मेकअप करायची इच्छा असलेल्या मुलीसाठी तर मोठी पेटी हे हत्यार आहे, तिने ती घ्यावीच. दुसरं एक म्हणणं याच्या उलट बाजूने येतं आणि मला तेही आवडतं : तपकिरीच का? जिला पहिल्यापासून मोरपंखी हवा आहे तिला तपकिरी पेटी दिली, तर ती दोन आठवड्यांत कंटाळेल आणि पेटी कपाटात जाईल. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला पैठणी नेसून जायचंय, मोरांच्या काठाशी जुळणारी हिरवी रेघ डोळ्यावर हवी, तर त्यात गैर काय? काहीच नाही. पण ती हिरवी रेघ नीट बसते ती तपकिरी सावलीच्या शेजारी. हौसेचा एक रंग सुटा घ्यावा, पाया तपकिरीच ठेवावा.

काजळाचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण आपल्याकडच्या बहुतेक मुलींच्या डोळ्यांचा पहिला मेकअप तोच असतो आणि तपकिरी शेडचा सगळ्यात जास्त उपयोग त्याच्याशीच होतो. खालच्या पापणीला लावलेलं काजळ दुपारपर्यंत डोळ्याखाली उतरतं. त्यावर बारीक ब्रशने गडद मॅट तपकिरी दाबून बसवला की ते बरंच जागेवर राहतं, आणि कडक काळी रेघ मवाळही होते. सकाळी सव्वासातला कंपनीची कॅब दारात येते त्या घरात एवढाच मेकअप होऊ शकतो, आणि तो पुरेसाही असतो. हीच शेड भुवई भरायला चालते. चष्मा असलेल्या मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं : वजा नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात, म्हणून सगळी पापणी गडद करू नये, गडद फक्त मुळाशी, वर उजळ.

बंगळुरूची हवा या बाबतीत मुंबईपेक्षा दयाळू आहे. समुद्रसपाटीपासून नऊशेएक मीटर उंचीवरचं हे शहर मुंबईसारखं चिकचिकत नाही, त्यामुळे भुकटीची शेड दिवसभर बरी टिकते. तरी पापणी तेलकट असेल तर आधी थोडी पावडर किंवा प्राइमर लागतोच.

आता लेबल. चिकपेटच्या गल्ल्यांत आणि फॅन्सी स्टोअर्समध्ये दोन-तीनशे रुपयांत मोठ्या नावांच्या पेट्या मिळतात. स्वस्त असणं हा दोष नाही. अनामिक असणं हा आहे. 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता असावा लागतो, इथे बनलेल्या मालावर उत्पादकाचा परवाना क्रमांक. रंगद्रव्यांत शिसं किती चालेल यालाही मर्यादा आहे : दहा लाख भागांत 20, आर्सेनिक 2. नकली माल बनवणारा ही मर्यादा पाळतो की नाही हे तपासायला कुणी जात नाही. म्हणून बॅच नंबर, तारीख, नाव-पत्ता यांतलं काहीही नसेल तर पेटी खाली ठेवावी, ती शंभर रुपयांना असली तरी. 2018 पूर्वीचं मूळ 'नेकेड' म्हणून कुणी काही दाखवलं, तर त्याची मुदत कधीच संपलेली आहे, नाहीतर ते नकली आहे. काउंटरवरचा टेस्टर हातावर लावा, डोळ्याला कधीच नाही. आणि पीजीतल्या खोलीत तिघींत एक पेटी ही कल्पना पैशाच्या दृष्टीने कितीही सोयीची असली, तरी डोळे आलेल्या एका मुलीमुळे तिघींचे डोळे येतात. कपडे वाटून घ्या, आयशॅडो नको.

चकाकीबद्दल एक शेवटचं. ती येते अभ्रकातून. झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात अभ्रकाचा चुरा वेचायला लहान मुलं जातात, ही गोष्ट अनेकदा पुढे आली आहे. 2017 मध्ये यासाठी रिस्पॉन्सिबल माइका इनिशिएटिव्ह ही संस्थाही उभी राहिली. आपला अभ्रक कुठून येतो हे जी कंपनी उघड सांगते तिला चार पैसे जास्त द्यायला मी तयार आहे. कमीत कमी, न वापरल्या जाणाऱ्या आठ चमकत्या शेड्स विकत न घेणं एवढं तर प्रत्येकीच्या हातात आहे.

माझा कौल असा. सुरुवात तपकिरीनेच करा, पण बाराच्या पेटीने नाही. चार ते सहा शेड्सची पेटी घ्या, निम्म्याहून जास्त मॅट असलेली. त्यात तुमच्या पापणीपेक्षा एक छटा गडद असा विटकरी किंवा खजुरी रंग हवा, एक गर्द कॉफी हवी आणि एक सोनेरी किंवा तांबूस शिमर हवा. वाचलेल्या पैशांतून दोन ब्रश घ्या, एक चपटा आणि एक मऊ फुलोऱ्याचा, कारण डबीतल्या स्पंजच्या काडीने कडा विरत नाहीत. ही पेटी तळाला जाईपर्यंत वापरलीत आणि तरीही ओढ वाटली, तर मोठी घ्या. तोवर तुम्हाला काय हवं ते नक्की माहीत असेल. आणि दुकानात संध्याकाळी जाऊ नका. दुपारी जा, हातावर शेड लावा, दुकानाच्या दिव्यांखालून बाहेर रस्त्यावर उन्हात येऊन बघा, आणि मगच पैसे द्या.